रिकामी ओळ

दस्तगीर पेंटरकडे मी तीन वर्षं डबे धुतले.
वसमतला, हळदीच्या मार्केटमागं,
जिथं उन्हाळ्यात भिंतीसुद्धा पिवळ्या शिंकतात.

रॉकेलात ब्रश, ब्रशाला खारीचे केस,
आणि निळीत भिजवलेली दोरी:
दोन टोकं धरून भिंतीवर टण्‌कन सोडायची.
तेवढी एक रेघ सरळ. पुढचं सगळं आपल्या हातावर.

अक्षरं ते आधी बिनडोक्याची काढून घ्यायचे.
शिरोरेघ शेवटी, एका श्वासात.
"सांस नक्को तोडू रे,
बीच में टूटी तो दीवार को समजता."
मागं ट्रॅक्टर ठोठावत जायचा,
कुणी चहा घेऊन ताटकळायचं,
शिडीवर हात नुसता सरकत राहायचा
आणि खाली मीच घुसमटायचो.
रेघ संपली की ते "हौ" म्हणायचे.
कुणाला, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा महादेवाच्या सभामंडपात
देणगीदारांची यादी लिहायची होती.
ट्रस्टी मन्मथअप्पांनी मापंच आणलेली:
एक्कावन्न हजाराला वीतभर,
पाच हजाराला चार बोटं,
अकरा-एकवीसवाले बसतील तसे खाली.

दस्तगीरनी कागद डोळ्यांशी नेला, मान हलवली,
आणि सगळ्या ओळी सारख्या आखल्या.
अडत दुकानाचे मालक
आणि वखारीत हळकुंडं निवडणारी सोजरबाई, रुपये अकरा,
एकाच उंचीचे.
तिच्या नावातल्या काण्यांना तर
रंग जरा जास्तच लागला.

सगळ्यांत खाली अजून एक शिरोरेघ ओढली,
या भिंतीपासून त्या खांबापर्यंत.
तिच्याखाली काहीच नाही.

"हे कोण?" अप्पांनी विचारलं.
"दिया, पर बताया नै. वो."

मजुरी निम्मी मिळाली.
आम्ही स्टँडवर भजी खाल्ली, मिरची तिखट निघाली,
त्यावरच ते बोलत राहिले.

पुढं त्या रेघेखाली पोरं खडूनं आपापली नावं लिहायची.
पुजारी पुसायचा.
पोरं पुन्हा लिहायची.

आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे.
वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली.
नेत्याचा चेहरा केवढा, कार्यकर्त्याचा केवढा,
व्हॉट्सअ‍ॅपवर ठरून येतं, आणि मी तसंच करतो.
खोटं कशाला सांगू.
शिरोरेघ अक्षराला चिकटूनच उमटते,
दहा बाय वीस, सात मिनिटांत,
तिला कुणाचा श्वास लागत नाही.

फक्त प्रिंट दाबताना
माझा अजून अडकतो.
मशीनवरचा पोरगा विचारतो, "काका, काय झालं?"
मी हात वर करतो.
थांब.
अजून रेघ चालू आहे.