अंदाजे उत्पन्न

वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरला पाठ टेकून
फेब्रुवारीपासून दर मंगळवारी मी बसते,
लोकांचे कराचे फॉर्म भरून देते, फुकट.
पस्तीस वर्षं डुलुथच्या शाळेत गणित शिकवलं,
हातचा घ्यायची सवय सुटत नाही.

आर्वो निएमेला बिस्किटांचा डबा घेऊन येतो.
डब्यात पावत्या, पावत्यांना मासळीचा वास.
हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर तो खोपटी भाड्याने देतो,
बर्फाला भोकं पाडून देतो, आमिष विकतो.
उन्हाळ्यात होड्यांची इंजिनं.
वय अठ्ठावन्न. विमा नाही.
डाव्या खांद्याबद्दल तो काही बोलत नाही,
कोट मात्र उजव्या हातानेच उतरवतो.

मी सांगते, हप्त्यातला वाटा सरकार उचलतं,
करात वळता करून, महिन्याच्या महिन्याला, आगाऊ.
फक्त इथे लिहायचं
पुढल्या वर्षी किती कमावशील.

तो हसतो. "तळ्याला विचार."

गेल्या साली जानेवारी अर्धा सरला तरी तळ्यानं बर्फ धरला नाही.
त्याच्या आदल्या साली असा धरला
की मिनियापोलिसहून गाड्यांची रांग.
कमी लिहावं आणि हंगाम साधला,
तर दिलेली सवलत परत मागतील.
फारच कमी लिहिलं तर म्हणतील,
ही खिडकी तुझी नाही, गरिबांची पलीकडे.
जास्त लिहावं, तर हप्ता आजच झेपत नाही.

शाळेत मी म्हणायचे, क्ष काढा.
क्ष कुठेतरी असायचाच.
पुस्तकाच्या शेवटच्या पानांत उत्तरं असायची.

तीन वर्षांची सरासरी काढते. खोडते. पुन्हा काढते.
"आणि खांदा?" विचारून बसते,
"त्याचा पुढल्या वर्षीचा अंदाज?"
तो डब्याचं झाकण लावू लागतो.
एका हाताने लागत नाही.
मी डबा धरते.

मग एक आकडा लिहितो आम्ही, आधी पेन्सिलीने.
आर्वो त्याच्याकडे असा बघतो
जसा डिसेंबरात काठावर उभा राहून
बर्फाकडे बघत असेल,
टाचेने ठोकत, कान देऊन.

"चार इंच," तो म्हणतो. "चालत्या माणसाला पुरतात."

आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतो.