बारावा महिना

दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट, बन्सी नगर स्टेशनच्या अलीकडे.
खिडकी उघडली की मेट्रो हाताला लागेल इतकी जवळ.
दोन वर्षं रिकामा होता.
लोक यायचे, नळ सोडून पाहायचे, भिंतीवर टकटक करायचे,
तेवढ्यात गाडी जायची
आणि गाडीतली माणसं सरळ स्वयंपाकघरात डोकवायची.
"सांगतो जी," म्हणायचे.
सांगायला कोणी परत आलं नाही.

तू आलीस सप्टेंबर संपता संपता,
मागे प्रॉपर्टीवाला निमजे.
हेल्मेट न काढताच मला बाजूला घेऊन म्हणाला,
"मॅडम, बाहेरची आहे, आफ्रिकेची. हजार वाढवून सांगा.
नाही म्हटलं तरी चालते."
चहाला नाही म्हणावं तसं म्हणाला.

तू खिडकीशी उभी. गाडी आली.
तू हात वर केलास,
आतून शाळेच्या कपड्यातल्या एका पोरानं हात वर केला.
"हेच घर," म्हणालीस मोडक्या हिंदीत.
अदिसमध्ये आईच्या खिडकीशीही जाते म्हणे अशीच, हिरवी.
अर्ध्या वाटेत बंद पडते
हे मात्र करार झाल्यावर सांगितलंस.

नाव लिहिताना मी विचारलं, आडनाव?
नसतं, म्हणालीस.
तिगिस्त, मग वडिलांचं नाव, मग आजोबांचं,
संपलं.
निमजे हसला. मी नाही हसली.

सत्त्याऐंशी साली मेडिकलमध्ये माझी नवी नवी ड्यूटी,
आम्ही दोघं भर उन्हात खोली शोधत फिरलो.
लोक पाणी देत, कूलरसमोर बसवत,
गावाची चौकशी करत.
"गजभिये" म्हटलं
की खोली कालच गेलेली असायची.
त्या उन्हाळ्यात चौदा खोल्या काल गेल्या.
यांनी मोजल्या होत्या. मी नाही.

तुला हे सांगितलं नाही.
भाडं जुन्याच आकड्यावर ठेवलं.

फॉर्म सी चोवीस तासांत भरायचा होता.
आडनावाची चौकट रिकामी ठेवली की पुढे सरकेना,
पुतण्या सुमेधनं तिथं तुझे आजोबा टाकले.
तिगिस्त म्हणजे धीर, हेही त्यानंच मोबाईलात शोधलं.

मग स्टॅम्पपेपर. अकरा महिने.
तू बोटांवर मोजलंस.
"बारावा कुठे जातो?"
"करारात बारावा नसतो."
"आमच्याकडे तेरा असतात."
मला वाटलं थट्टा करते.
तू त्याच पेपरच्या मागं पेन्सिलीनं मांडून दाखवलंस:
तीस तीस दिवसांचे बारा,
आणि उरले पाच, कधी सहा,
त्यांचाही एक महिना. पागुमे.
मी रबरानं खोडलं, निमजे ओरडेल म्हणून.
उठलं नाही पूर्ण.

खालच्या हेडाऊबाईंची तक्रार, जळकट वास येते.
वर गेली तर तू कढईत कॉफीच्या बिया भाजत बसलेली.
तिसरा कप झाल्याशिवाय उठायचं नसतं म्हणालीस.
मला बीपी.
तिन्ही प्याली,
शेवटची मेट्रो गेल्यावरही डोळे टक्क उघडे.

मेमध्ये तुझ्या कूलरला वाळ्याची ताटी मीच बसवली.
पाणी सोडलं, पहिला गार झोत आला,
तू डोळे मिटून म्हणालीस, आमच्याकडे कॉफीच्या वेळी
जमिनीवर हिरवं गवत अंथरतात, हा तो वास.
पुढे काही बोलली नाहीस.
मीही ताटीचे तार आवळत राहिली.

करार ऑगस्टच्या एकतीसला संपला.
निमजेचा फोन: "नवा करून टाकू, दोन हजार चढवून."
"पंधरा तारखेनंतर पाहू."
"अन् मधले दिवस?"
"मधल्या दिवसांचं काऊन विचारतोस?"

आज पागुमेचा तिसरा.
गाडी आज उगाच थांबली आहे, खिडकीच्या समोरच,
तू बाल्कनीत गाऊन वाळत घालतेस,
दारातली एक बाई भाजीची पिशवी घेऊन
तुझ्याकडे बघते आहे, तू तिच्याकडे.
मी खालून हाक मारते,
तिगिस्त, नळ आले.