नियमाप्रमाणे काम

त्या सोमवारी पाटण आगारात कुणीही संप केला नाही.
हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे चौकशी झाली.

सगळे वेळेवर आले. खाकी इस्त्रीची, बिल्ला छातीवर.
ठरलं होतं एवढंच :
आज पुस्तकात आहे तसं.

हिंदुराव चाळक्यांनी मणदुऱ्याच्या गाडीला
देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा घातली
आणि वहीत लिहिलं :
डावा आरसा, तडा.
वायपर एक. तोही मर्जीचा मालक.
प्रथमोपचार पेटी आहे.
आत दोन खिळे, उदबत्तीचा रिकामा पुडा.
आगीचं नळकांडं, मुदत संपून तिसरं वर्ष.

गाडी नियमात बसेना.
मग दुसरी बसेना. मग तिसरी.
आठ वाजले तरी सगळ्या फाटकाच्या आत
पोलिओच्या रांगेतल्या पोरांसारख्या उभ्या.
कोयनेवरचं धुकं उठून पठारावर गेलं,
तिथे पवनचक्क्या फिरत होत्या.
आमच्यात फिरत होता फक्त चहावाला.

मी खिडकीत. वाहतूक नियंत्रक.
एकतीस वर्षं गाडी गेली की वेळ लिहायची.
मणदुऱ्याची वेळ सहा दहा.
मी रोज सहा दहा लिहिलं
आणि ती रोज सहा चौदाला सुटली,
कारण उपकेंद्राच्या सिंधू सिस्टर
लसींचा निळा डबा घेऊन कऱ्हाडच्या गाडीने येतात
आणि कऱ्हाडची गाडी कधीच वेळेत येत नाही.
पुढे जांभळाखाली थांबा नाही,
तिथे झोऱ्यांची तेजल दप्तर डोक्यावर घेऊन उभी असते,
तर तिथे थांबायचं.
तिचा भाऊ चार वर्षं अकराच वर्षांचा आहे.
रुक्साना मुल्ला त्याचं अर्धं तिकीट फाडताना
खिडकीबाहेर बघते.

या चार मिनिटांना, या जांभळाला
पुस्तकात पान नाही.

दुपारी साताऱ्याहून साहेब आले.
पुस्तक मागवलं, चष्मा पुसला, तासभर शोधलं
कोणता नियम मोडलाय ते.
एकही नाही.
मग हिंदुरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले,
"अहो, जरा समजून घ्या की."
हिंदुराव म्हणाले,
"सायेब, कलम सांगा. तसं समजून घेतो."

हे आम्ही पुढे वर्षभर एकमेकांना सांगून हसलो.
रुक्साना तर नक्कल करायची, चष्म्यासकट.
बाळू लोहार मात्र हसला नाही.
तो वर्कशॉपचा. त्यानं एकदा समजून घेतलं होतं.
बाजाराचा दिवस, गाड्या कमी, माणसं जास्त,
ब्रेकचा पाइप हातात धरून तो म्हणाला होता, "चालेल."
घाटातल्या तिसऱ्या वळणापर्यंत चाललं.

ब्रेकच्या रकान्यात दोन सह्या हव्यात
हा नियम त्यानंतरचा.
आम्ही त्याला छळ म्हणतो.
बाळू तेव्हापासून तो शब्द उच्चारत नाही.
चहा चालेल का विचारलं
तर "घेतो" म्हणतो.

गुरुवारी वर काहीतरी ठरलं.
थकबाकीतला एक हप्ता मिळाला, दुसरा मिळणार होता.
पहाटे बाळू मणदुऱ्याच्या गाडीखाली शिरला,
बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.
बाहेर येऊन त्यानं ब्रेकच्या रकान्यात सही केली,
हिंदुरावांनी केली,
बाळूनं पुन्हा एकदा वाकून पाइप चाचपला.
आरशाचा रकाना दोघांनीही बघितला
आणि पान उलटलं.

सहा दहा झाले.
हिंदुरावांनी इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघितलं.
मी फाटकाकडे बघितलं.
निळा डबा धावत येत होता.

वहीत काय लिहिलं ते वहीत आहे,
आणि वही रेकॉर्डरूममध्ये, वाळवी लागली नसेल तर.
खरी वेळ इथे लिहितो, आता निवृत्त आहे :
सहा पंधरा.
त्या दिवशी सिस्टरांची चप्पल तुटली होती.