मत मागे घेता येतं

दिवसभर मी लोकांचं रक्त बघते,
देगलूर रोडला, दवाखान्याच्या जिन्याखालच्या लॅबमध्ये.
तिथं प्रत्येक प्रश्नाला आकडा असतो
आणि आकड्याशेजारी, तो किती असावा तेही.
रात्री साडेनवाला शिवहारचा प्रश्न येतो.

शिवहार मोबाइलची कव्हरं विकतो.
गिऱ्हाईक नसलं की त्याला प्रश्न पडतात.
आधी लिहितो, काय करूलालाव रे सगळे,
मग 'दहावी ब'च्या आम्हा एकोणतीस जणांपुढं टाकतो:
हिरोला मिशी शोभते का?
सोळा हो, सहा नाही. धोंडीरामनं दोन्ही दाबलं.
त्याचं सगळं असंच, शाळेपासून.

मालिकेतल्या सुनेनं सासूला माफ करावं का?
चंद्रकला म्हणाली, आधी सासूला विचारा.
फरजानानं नुसती तीन पिवळी तोंडं पाठवली.

पैसा का समाधान?
समाधान जिंकलं, एकवीस विरुद्ध चार.
त्याच आठवड्यात समाधानवाल्या तिघांनी
माझ्याकडं उसने मागितले.

पुन्हा जन्म मिळाला तर उदगीरलाच घ्याल का?
हो म्हणणारे सातही जण पुण्यात राहतात.

मग एका रात्री, लाइट जाऊन आल्यावर,
मेल्यावर काही असतं का?
असतं. नसतं. माहीत नाही. झोपा आता.
'झोपा आता'ला बारा मतं पडली.
मी दिलं नव्हतं. बघत होते नुसती,
कोण काय म्हणतंय ते.
बारा चाळीसला 'असतं'पुढं एक गोल फोटो उगवला:
हत्तीबेटावर, उन्हात डोळे बारीक केलेला
मन्मथ.

मन्मथला जाऊन दोन वर्षं झाली.
बिलिरुबिन एकवीस. तो कागद मीच छापला होता,
आणि मशीन चुकलं असेल म्हणून
पुन्हा रक्त लावून पुन्हा छापला होता.

त्याचा नंबर गटातून कुणी काढला नाही.
काढायचं तर नावावर बोट दाबून धरावं लागतं
आणि मग ते विचारतं, नक्की का?

फोटो 'असतं'वर होता. मग 'नसतं'वर गेला.
थोडा वेळ 'माहीत नाही'वर बसला.
मग कुठंच नाही.
मत मागे घेता येतं, ही सोय मला
तेव्हा कळली.

सकाळी गटात चिडीचूप.
फक्त धोंडीरामचा मला एकटीला निरोप,
रात्री जागी होतीस का गं?
मी लिहिलं, नाही.

तो फोन आता समृद्धीकडं असतो,
मन्मथची धाकटी, आठवीतली.
लॅबपुढून सायकलवर जाते. कधी बघते, कधी नाही.
म्हणजे दोन वर्षं ती आमच्यातच होती,
मागच्या बाकावर, गुपचूप,
मिशीपासून सासूपर्यंत
आमचं सगळं येडपटपण वाचत.

त्या रात्री शिवहार 'टाइप करत आहे', 'टाइप करत आहे',
दहा वाजत आले तरी.
शेवटी आला तो एवढाच प्रश्न:
सुशीला का पोहे?

हा काय प्रश्न झाला, आमच्याकडं?
मन्मथ तर पोह्याला शिवायचा नाही.
कुणाच्या घरी पोहे पुढं आले
तर म्हणायचा, मी जेवून आलो.

पाच मिनिटं कुणीच नाही.
मग हत्तीबेटावरचं ऊन, बारीक डोळे: पोहे.

मग फरजाना, पोहे.
मग चंद्रकला, जिच्या नाष्टा सेंटरात
सकाळी आठलाच सुशिल्याचं पातेलं रिकामं होतं, पोहे.
पुण्याचे सातही, एकामागं एक.
धोंडीरामनं आयुष्यात पहिल्यांदा एकच दाबलं.

मी तेव्हा डब्यात उरलेला सकाळचा सुशीला खात होते,
थंडगार, मुरमुरे वातड झालेला.
तेलकट अंगठ्यानं
मीही.