नदीचं मूळ

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मला त्याचाच पगार मिळतो.

अ‍ॅशफर्डच्या खाली, सकाळी सहाला,
निस्क्वाली गोट्यांमधून चार धारांनी वाहते,
वेणी घालता घालता कुणी हाक मारली म्हणून
तशीच सोडून दिल्यासारखी.
रंग तांदूळ धुतलेल्या पाण्याचा.
मी बाटली भरते, उजेडात धरते.
पलीकडचं बोट दिसत नाही.
उद्याही दिसणार नाही, इतकं बारीक आहे हे पीठ.
वर हिमनदी कातळावर कातळ घासत बसलेली,
दळण कुणाचं, ते न विचारता.

दोन महिने पाऊस नाही.
तरी दुपार कलली की पाणी चढतं.
बाराचं ऊन बर्फाला लागतं
आणि इथे पोचतं दिवेलागणीला,
लख्ख आकाशाखाली
गढूळ, थंडगार, घाईत.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
"म्हणजे दुधासारखंच की. लक्ष ठेवत जा."

वर्ना ऑल्स्टॅड, वय एक्याऐंशी,
हिच्या मागच्या दारापासून पाण्यापर्यंत
वडिलांनी अकरा पायऱ्या बांधल्या होत्या.
आता चार उरल्यात.
बाकीच्या वाहून गेल्या नाहीत,
आहेत तिथेच आहेत, गोट्यांखाली.
नदी पात्र खोल करत जाते, असं मी शाळेत लिहून मार्क मिळवले.
ही भरत भरत वर येते.
बर्फ मागे सरकतो, मागे सोडतो सुटा डोंगर,
आणि नदी तो हप्त्याहप्त्याने
वर्नाच्या दारात आणून टाकते.

खाली आल्डरच्या धरणात पीठ बसतं थोडं,
पुढचं पाणी हिरवट, शहाण्यासारखं,
मग दलदल, मग भरतीचं खारं पाणी.
तिकडची मोजणी दुसऱ्या कुणाकडे आहे.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटं.
पाण्याखाली धोंडे गडगडतायत,
वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तसे.
वरचा मजला नाही.
वर्ना खिडकीतून विचारते, "आज किती?"
मी आकडा सांगते. ती मान हलवते,
मुरंब्याच्या बरण्या
खालच्या फळीवरून काढून
मधल्या फळीवर ठेवते.
सगळ्यात वरची अजून रिकामी आहे.