निशाणी : मोजे

अनामत पंचवीस हजार, पेन्शनच्या खात्यातली,
रबराच्या दोन वेढ्यांत.
प्रतिज्ञापत्रावर हिराजी गोमा मढवी, सुभेदार, निवृत्त.
गुन्ह्यांच्या रकान्यात 'निरंक' लिहिताना
यांनी पेन जरा जास्तच दाबलं.

शिट्टी मागितली होती, ती दुसऱ्याला गेली.
वाट्याला मोजे आले.
ठाण्याच्या कलेक्टर कचेरीबाहेर पुतण्या हसून वाकला,
"काका, मे महिना. ऐरोलीत मोजे!"

मग जिने. सिडकोच्या इमारती, लिफ्ट नाही.
सेक्टर तीनला एका बाईने
दाराची साखळी न काढताच विचारलं,
"सुती आहेत का? जोडी कितीला?"
"फुकट," हे म्हणाले, "फक्त वीस तारखेला या."

सांगता आलं असतं,
वर चौकीवर एका रात्री
ओले मोजे बदलायला उशीर झाला,
डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली.
नाही सांगत.
"बोटांवर मतं मागू?"

रात्री मी बादलीत कोमट पाणी ओतते.
पाय सोडून हे उरलेली पत्रकं मोजतात.
एकशे सत्तर.
मी आठ बोटं पुसते.
"उद्या दिघा," म्हणतात,
"तिथे चढ आहे."