अधिक महिन्यातला हॉल

अधिक महिना, म्हणून लग्नं नाहीत,
म्हणून वडगाव बुद्रुकचं कार्यालय निम्म्या भाड्यात,
म्हणून तीनशे पानांच्या पंगतीच्या जागी
एकटा नेहेम्या आणि त्याचे पाच ड्रम.

अकरा माइक लावले.
बारावा मुदपाकखान्यात नेला,
पालथ्या घातलेल्या जिलबीच्या कढयांमध्ये.
मॅनेजर म्हणाले, मॅडम, तिथं काय वाजणारे?
म्हटलं, तेच तर ऐकायचंय.

आता रात्रीचा दीड. धायरी. गॅरेजच्या वरची माझी खोली,
भिंतींना काथ्याच्या गाद्या,
आणि स्क्रीनवर तो हॉल
बारा पट्ट्यांत चिरून ठेवलेला.

एकेकटं ऐकलं तर सगळंच गरीब.
किक म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप.
स्नेअर, कुणीतरी स्टीलचा डबा आपटून गेलं.
टॉम तर सैल कणकेत बोटं रुतावीत तसे.
आणि बँडच्या पोरांना हवाय डोंगर:
ताई, छातीत बसलं पाहिजे.

छातीत बसवायला आधी काढावं लागतं.
चारशेच्या आसपासचा पुठ्ठा खरवडला,
साठला थोडी माती भरली,
साडेतीन हजारावर किकला टोक काढलं
पेन्सिलीला काढतात तसं. जास्त नाही, मोडतं.
स्नेअरच्या पोटाखालचा माइक उलटा केला,
एक बटण, एवढंच,
आणि इतका वेळ एकमेकांना खोडणारे दोघं
एकदम एका बाजूनं उभे राहिले.

मग सगळ्याची एक नक्कल घेतली,
कॉम्प्रेसरखाली निर्दयपणे दाबली,
आणि मूळ आवाजाच्या खाली सरकवली हळूच,
साडीच्या आत परकर असतो तशी.
दिसत नाही.
पण त्याच्याशिवाय निऱ्या उभ्या राहत नाहीत.

कढया शेवटी उघडल्या.

नेहेम्या दिवसा भोसरीत, पॉवर प्रेसवर.
चाळीस टनांचा ठोका, मिनिटाला बावीस.
उजवा कान त्यातच अर्धा गेला,
म्हणून तो डावीकडे, हाय-हॅटकडे कलून बसतो,
कुणी हळू बोलणारं शेजारी असावं तसा.

तिसऱ्या कडव्याआधी चार मात्रांची शांतता आहे.
गेट लावलं की स्वच्छ. काही नाही.
गेट काढलं
तर कढयांमधून, खूप लांबून, त्याचा आवाज:
एक... दोन... थांब... थांब रे...
स्वतःलाच.
आणि एक श्वास, आत ओढलेला,
साच्याखालचा पत्रा सरळ करायला हात घालण्याआधी
घेत असेल तसा.
मग तो ठोका. सगळ्या हॉलसकट.
संगणकाच्या रेषेमागे अकरा मिलिसेकंद.

पोरांचा निरोप आहे: मागे पडलेले ठोके रेषेवर आण ना.
आणले. ऐकले.
बिनचूक होते. वाजवत कुणीच नव्हतं.
होते तिथं परत नेऊन ठेवले.

पाच चाळीसला फाइल पाठवली, गेट उघडं ठेवून.
सहाला नेहेम्याचाच फोन, नाशिक फाट्यावरून,
फर्स्ट शिफ्टची बस, मागे कंडक्टर कुणाशी तरी भांडतोय:
ताई, मी मध्ये बडबडतो ते काढलंत ना?
लाज वाटते हो.

म्हटलं, नेहेम्या, आवाज तुटतोय तुझा.
काही ऐकू येत नाहीये.